रुपयाचा प्रश्न : कच्च्या खर्ड्यापासून ग्रंथापर्यंत

जयंतीच्या सभेत एक विधान दरवर्षी हमखास टाळ्या घेते. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे वक्ता सांगतो, मंडप दणाणतो आणि भाषण पुढच्या मुद्द्यावर जाते. कशी स्थापन केली, कोणत्या साली, कोणत्या कागदाच्या आधारे, हे विचारणारा उठून उभा राहत नाही. २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा दुसरे एक विधान उगवले. दर दहा वर्षांनी चलनी नोटा बदलाव्यात असे बाबासाहेबांनी आपल्या रुपयावरील ग्रंथात लिहून ठेवले आहे, असा प्रचार सुरू झाला आणि आपल्यातीलच कित्येकांनी तो अभिमानाने मोबाईलवरून पुढे ढकलला. त्या ग्रंथात असे एक अक्षरही नाही. पण ग्रंथ घरात फोटोसारखा ठेवला आणि उघडलाच नाही, तर कोणीही येऊन त्यात आपल्या सोयीचे वाक्य घुसडू शकतो. आम्हा वकिलांना याचा रोजचा अनुभव आहे. दस्तऐवज न वाचता युक्तिवाद केला की समोरचा वकील तोच दस्तऐवज आपल्यावर उलटवतो.

म्हणून आज बाबासाहेबांच्या चरित्रातील तो भाग सांगायचा आहे, जो पुतळ्यात दिसत नाही. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून ते कसे घडले? चलन आणि बँकिंग यांच्या इतिहासावरचे त्यांचे संशोधन कच्चे असताना त्यांनी ते कोणापुढे ठेवले? ते हरवले तेव्हा काय केले आणि परत आले तेव्हा काय केले?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए., ही उजळणी वाचकांना नको. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना एडविन सेलिग्मन भेटले. सार्वजनिक वित्त, म्हणजे राज्य कर कसा घेते, कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, या विषयातले सेलिग्मन हे त्या काळचे मोठे नाव. अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसलेल्या मुलाला हा विषय का भावला असेल, हे वेगळे सांगायला नको. राज्याच्या तिजोरीचा हिशेब मांडला की कोण कोणाच्या जिवावर जगते ते आकड्यांतच दिसते.

१९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर प्रबंध लिहिला. वय चोवीस. विषय पाहा. कंपनी म्हणजे एक व्यापारी पेढी, ती राजा बनली, आणि तिच्या राजेपणाचा खर्च कोणी भरला याचा हा हिशेब आहे. १८३३ च्या कायद्याने कंपनीच्या भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलावर बसवण्यात आला होता. १८५८ मध्ये कंपनी गेली, राणीचे राज्य आले, पण कंपनीचे कर्ज हिंदी रयतेच्याच डोक्यावर राहिले. गुलामाने आपल्या मालकबदलाची किंमतही स्वतःच भरावी, असा हा प्रकार. हिंदुस्थानने इंग्लंडला किती दिले आणि इंग्लंडने हिंदुस्थानला किती दिले याची तुलना करून तरुण भीमरावांनी जो निष्कर्ष काढला तो इंग्लंडला शोभणारा नव्हता. हा प्रबंध त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने निघाला नाही. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचा सहावा खंड काढला तेव्हा तो सर्वसाधारण वाचकाच्या हाती आला.

पुढच्या वर्षी, मे १९१६ मध्ये, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातीची उत्पत्ती आणि यंत्रणा यावर निबंध वाचला. तो आपल्या सर्वांना माहीत आहे. विषय वित्ताचा नव्हता, पण पद्धत ध्यानात घ्यावी. पुस्तक लिहून झाल्यावर नव्हे, विचार चालू असतानाच तो जाणकारांच्या बैठकीत मांडायचा, प्रश्न अंगावर घ्यायचे आणि मग छापायचा. निबंध दुसऱ्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. त्याच काळात हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरचा मोठा प्रबंधही कोलंबियात तयार होत होता.

१९१६ च्या अखेरीस ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. सेलिग्मन यांच्या शिफारशी सोबत होत्या. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात परत फिरावे लागले. महायुद्ध चालू होते. स्वतः ते एका बोटीने सुखरूप मुंबईला पोहोचले, पण सामान दुसऱ्या बोटीवर होते आणि ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुस्तके गेली, टिपणे गेली, प्रबंधाचे हस्तलिखित गेले. सामानाच्या नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले. ज्यांनी वर्षानुवर्षे जुन्या दप्तरांतून आकडे उतरवून काढले आहेत त्यांनाच कळेल की सहाशे रुपयांत काय भरून निघते आणि काय निघत नाही. त्या काळी झेरॉक्स नव्हते, पेन ड्राइव्ह नव्हता. एक प्रत म्हणजे एकच प्रत.

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे, त्यात शिरत नाही. मुंबईत परतल्यावर पोटासाठी त्यांनी जे उद्योग केले त्यांपैकी एक मात्र आपल्या विषयाशी थेट लागून आहे. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी त्यांनी काढली. गिऱ्हाईके आली. सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईके गेली. कोलंबियाचा पदवीधर, वित्तशास्त्राचा अभ्यासक, पण त्याच्या तोंडचा भाव ऐकणेही विटाळाचे! जातिव्यवस्था ही केवळ देवळाच्या पायरीवर उभी असते असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. ती बाजारपेठेतही उभी असते, आणि तिथे ती स्वतःचे नुकसान करूनही माणसाला दूर ठेवते.

नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू केला आणि जुलैत पुन्हा लंडनची बोट धरली. मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज, शाहू महाराजांची मदत आणि स्वतःची शिल्लक एवढ्यावर हा डाव होता. इकडे रमाईंनी संसार कसा ओढला त्याचा हिशेब कुठल्याच प्रबंधात नाही.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवसभर बसत, दुपारचे जेवण टाळून वाचत. जून १९२१ मध्ये साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर एम.एस्सी. मिळाली. आणि मग डी.एस्सी.साठी त्यांनी रुपया हातात घेतला.

१९२२ च्या सुरुवातीला त्यांनी लंडनहून सेलिग्मन यांना एक पत्र लिहिले. मूळ प्रबंध बोटीबरोबर बुडाला, आता नवा लिहिला आहे, विषय हिंदी विनिमयाचे स्थिरीकरण, असा त्याचा आशय. मला हे पत्र फार मोलाचे वाटते. बुडालेल्या प्रबंधाबद्दल त्यात रडगाणे नाही. पाच वर्षांपूर्वीच्या गुरूला, समुद्रापलीकडे, आपण आता काय करतो आहोत हे कळवण्याची गरज या विद्यार्थ्याला वाटते, एवढेच. काम चालू असताना ते दुसऱ्याला दाखवत राहायचे, ही सवय त्यांनी सोडली नाही.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर झाला. मधल्या काळात ते जर्मनीत बॉन येथे गेले होते. १९२३ च्या आरंभी निरोप आला की परीक्षकांना प्रबंध या स्वरूपात मान्य नाही. साम्राज्याच्या चलनधोरणावर त्यात फार कडक प्रहार होते. निष्कर्ष बदलू नका, पण प्रबंध पुन्हा लिहा, असा त्या सूचनेचा अर्थ होता. हातातले पैसे संपले होते. लंडनमध्ये राहून लिहिणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत उतरले, प्रबंध इथे बसून पुन्हा लिहिला, लंडनला पाठवला आणि वर्ष संपण्यापूर्वी डी.एस्सी. मिळाली. डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने तो ग्रंथरूपाने काढला. नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

या फेरलेखनाकडे आपण नीट पाहिले पाहिजे. आपल्यात दोन टोकांची माणसे आहेत. एका टोकाचा म्हणतो, त्यांनी नाकारले म्हणजे ते जातीयवादी, वर्णद्वेषी, आता एक ओळही बदलणार नाही. दुसरा म्हणतो, साहेब सांगतील तसे लिहून देतो, पदवी द्या. बाबासाहेबांनी दोन्ही केले नाही. भाषा बदलली असेल, मांडणी बदलली असेल, निष्कर्ष तिथेच राहिला. कैफियत परत आली तर चांगला वकील तीच कैफियत दुरुस्त करून पुन्हा दाखल करतो, दावा सोडत नाही.

आता त्या दाव्यात होते काय? हे सोप्या भाषेत सांगितलेच पाहिजे, कारण हा ग्रंथ कठीण आहे असे म्हणून आपण तो शंभर वर्षे बाजूला ठेवला आहे.

मोगल काळात सोन्याची मोहोर आणि चांदीचा रुपया दोन्ही चालत. ठिकठिकाणच्या टांकसाळी, ठिकठिकाणचे रुपये, वजनात आणि कसात फरक, आणि या फरकावर जगणारे सराफ. कंपनीने १८३५ च्या कायद्याने सर्व मुलखाला एकच रुपया दिला, वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. सोने कायदेशीर चलनातून बाहेर पडले. म्हणजे रुपयाची किंमत चांदीच्या किमतीला बांधली गेली. चाळीस वर्षे हे निभावले. पण १८७३ च्या सुमारास जर्मनी आणि युरोपातील इतर देशांनी चांदी सोडून सोने धरले आणि जगात चांदीचा भाव कोसळला. जो रुपया दोन शिलिंगांच्या जवळपास होता तो १८९२-९३ मध्ये १५ पेन्सच्या आसपास आला.

सरकारची अडचण झाली. लंडनमध्ये भरायच्या रकमा, म्हणजे कर्जाचे व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, माल खरेदी, हे सारे पौंडात. ज्यांना होम चार्जेस म्हणत ते हेच. पौंड तेवढेच, पण त्यासाठी रुपये जास्त लागू लागले. ते आणायचे कोठून? रयतेकडून. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. लंडनच्या बाजारात चांदी पडते आणि इकडे गावकुसाबाहेरच्या झोपडीत मीठ महागते, हा धागा ज्याला दिसतो त्याला चलनाचा इतिहास कोरडा वाटणार नाही.

पण रुपया पडला की गिरणीमालकाची आणि निर्यातदाराची चांदी होते, असे तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. बाबासाहेबांनी या दाव्याची उलटतपासणी घेतली. माल परदेशात विकून जास्त रुपये मिळतात हे खरे. पण हा नफा आकाशातून पडत नाही. किमती वाढतात आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही, मागे राहते. मजुराच्या हातात रुपये तेवढेच, पण त्यात येणारे धान्य कमी. जो नफा देशाचा म्हणून मिरवला जातो तो देशाच्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या ताटातून उचललेला असतो. या एका मुद्द्यासाठी तो ग्रंथ मला चळवळीचा ग्रंथ वाटतो, जरी त्यात अस्पृश्यतेवर एकही प्रकरण नाही.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याचे परिमाण आणि सोन्याचे चलन आणावे असे सुचवले. सरकार मात्र वेगळ्याच वाटेला लागले. देशात रुपये आणि नोटा, सोने लंडनमध्ये, आणि भारतमंत्री लंडनमध्ये बिले विकून रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सला धरून ठेवणार, अशी व्यवस्था उभी राहिली. हे सुवर्ण विनिमय परिमाण. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये हिंदी चलनावर ग्रंथ लिहून या व्यवस्थेची वाखाणणी केली होती. केन्स म्हणजे लहान आसामी नव्हे. आणि त्यांच्या विरोधात उभा राहिला कोण? ज्याच्याकडे लंडनमध्ये राहण्यापुरते पैसे नाहीत असा एक विद्यार्थी.

बाबासाहेबांचे म्हणणे असे की रुपयाचा पौंडातला दर स्थिर दिसणे म्हणजे रुपया स्थिर असणे नव्हे. रुपया स्थिर आहे की नाही हे त्याच्या खरेदीशक्तीवरून, बाजारात त्याला काय मिळते यावरून ठरवायचे. आणि या व्यवस्थेत सरकारला हवे तितके रुपये पाडण्याची मुभा होती. नाण्यातली चांदी रुपयाहून स्वस्त, त्यामुळे प्रत्येक नाण्यात सरकारला फायदा. ज्याच्या हातात टांकसाळ आणि ज्याला पाडण्यात नफा, त्याच्या सद्बुद्धीवर विसंबायचे? म्हणून रुपयाच्या निर्मितीलाच कायद्याने मर्यादा घाला आणि सोने प्रत्यक्ष चलनात आणा, हा त्यांचा उपाय. सत्ताधाऱ्याच्या चांगुलपणावर विश्वास न ठेवता नियमाने त्याचे हात बांधायचे, ही दृष्टी पुढे कुठे दिसली ते संविधानाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. महायुद्धाने त्यांची शंका खरीही केली. चांदी महागली, दर भडकला, बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या सल्ल्याने १९२० मध्ये सरकारने रुपया दोन शिलिंगांना बांधण्याचा प्रयत्न केला आणि तो टिकवता टिकवता कोट्यवधी रुपये बुडवले.

त्या ग्रंथाची प्रस्तावना एडविन कॅनन यांनी लिहिली. कॅनन हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे गुरू. आणि या प्रस्तावनेत गुरूने सरळ लिहिले आहे की शिष्याच्या बऱ्याच टीकेशी आपले पटत नाही. तरीही त्यांनी त्यातल्या ताज्या विचाराचे कौतुक केले आणि व्यवहारात काय करावे याबाबत ते शिष्याच्या जवळच आले. शिष्याने आपल्या मनोगतात कॅनन यांचे आभार मानले ते कशासाठी? सैद्धांतिक विवेचनाची कठोर तपासणी करून अनेक चुकांपासून वाचवले म्हणून. विल्सन कॉलेजच्या प्रा. वाडियांचे आभार मानले ते मुद्रिते तपासण्याचे रुक्ष काम आनंदाने केले म्हणून. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे हारतुरे. मतभेद लिहिणाऱ्या माणसाची प्रस्तावना पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापण्याची छाती किती लेखकांना आहे?

ग्रंथ निघाल्यावरही ते गप्प बसले नाहीत. एप्रिल १९२५ मध्ये ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’त त्यांनी चलनाच्या ताज्या प्रश्नावर लेख लिहिले. हे पत्र पुण्याचे, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. आपले पत्र नाही म्हणून त्यांनी तिथे लिहिणे टाळले नाही. त्याच वर्षी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी चलन आणि वित्त यासाठी शाही आयोग आला. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी आयोगापुढे साक्ष दिली. लेखी निवेदन आधीच दिले होते. रुपयाची नवी नाणी पाडणे बंद करा, सोन्याची टांकसाळ उघडा, सोन्याचे नाणे आणि रुपया यांचे प्रमाण कायद्याने ठरवा, हा त्याचा गाभा. दराचा वाद तेव्हा पेटला होता. गिरणीमालक आणि व्यापारी यांना १ शिलिंग ४ पेन्स हवा होता, आणि राष्ट्रवादाची सारी भाषा त्यांच्या बाजूने होती. बाबासाहेबांनी विचारले की खालच्या दराने भले कोणाचे होणार? धंदेवाल्यांचे. नुकसान कोणाचे? मजुरी आणि पगारावर जगणाऱ्यांचे. म्हणून दर १ शिलिंग ६ पेन्सच्या बाजूला झुकणारा असावा, असे त्यांनी सांगितले. सरकारची बाजू घेतल्याचा आरोप होईल याची पर्वा केली नाही. ग्रंथात त्यांनी सरकारला सोडले नव्हते, साक्षीत भांडवलदारांना सोडले नाही.

१९२६ मध्ये आयोगाचा अहवाल आला. दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. पण सोन्याचे नाणे चलनात आणण्याचे बाबासाहेबांचे म्हणणे आयोगाने मानले नाही. आयोगाने सुचवले सोन्याच्या लगडीचे परिमाण, नाण्याशिवायचे. आणि मध्यवर्ती बँक सुचवली, जिचा कायदा १९३४ मध्ये झाला आणि जी १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा कणा मध्यवर्ती बँक हा नव्हता, चलनाच्या निर्मितीवर कायद्याची मर्यादा हा होता. तेव्हा रिझर्व्ह बँक त्यांनी स्थापन केली, हे विधान पुराव्यात टिकत नाही. टिकते ते याहून मोठे आहे. ज्या आयोगाच्या शिफारशीतून ती बँक आली, त्या आयोगापुढे मजुराच्या ताटाचा हिशेब चलनाच्या प्रश्नात आणून त्यांनी तो गोऱ्या आणि सावकारी अशा दोन्ही हितसंबंधांच्या तोंडावर मांडला. हे सांगायला टाळ्या कमी मिळतील, पण कोणी खोडून काढू शकणार नाही.

साक्षीच्या आगेमागेच त्यांचा दुसरा ग्रंथ, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती, १९२५ मध्ये निघाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना, आणि अर्पण सयाजीराव महाराजांना. छापील प्रती कोलंबियाला दिल्यावर १९२७ मध्ये पीएच.डी. रीतसर मिळाली. म्हणजे १९१३ मध्ये सुरू झालेले काम चौदा वर्षांनी पदवीला पोहोचले. या चौदा वर्षांत बोट बुडाली, नोकरी गेली, पेढी मोडली, प्रबंध परत आला. शिवाय १९२५ ते १९२८ ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. तेही पोटासाठीच.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. प्राप्तिकरात ठराविक उत्पन्नापर्यंत सूट आहे, मग शेतसाऱ्यात लहान शेतकऱ्याला का नाही, हा त्यातला सवाल. सेलिग्मन यांच्या वर्गात शिकलेले कौन्सिलात उतरले होते. आणि त्यानंतर महिना उलटायच्या आत, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. या दोन तारखा आपण एका दमात कधी वाचतो का?

तिथून पुढचे आयुष्य चळवळीचे, गोलमेज परिषदांचे, मजूर मंत्रिपदाचे, संविधानाचे. केंद्र आणि राज्ये यांच्यात महसूल कसा वाटावा हा प्रांतिक वित्ताचा प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद २८० मध्ये वित्त आयोगाच्या रूपाने उभा राहिला, त्यावर एखाद्या स्वतंत्र लेखात बोलू.

रुपया मात्र त्यांच्या मनातून गेला नव्हता. पहिली आवृत्ती संपली होती, मागणी होती. १९४७ च्या मे महिन्यात ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, मजकूर तोच, नाव बदललेले. आता तो हिंदी चलन आणि बँकिंगचा इतिहास झाला, आणि त्यावर छापले होते, खंड पहिला. १९२३ नंतरचा चलनाचा आणि बँकिंगचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहिण्याचा संकल्प त्यांनी प्रस्तावनेत सांगितला. ऑगस्टमध्ये ते कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ६ डिसेंबर १९५६ पर्यंत दुसऱ्या खंडाला सवड मिळाली नाही.

त्या खंडात काय यायला हवे होते याची यादी करणे अवघड नाही. हिल्टन यंग आयोग, १९२७ चा कायदा, १९३१ मध्ये रुपयाला स्टर्लिंगशी बांधणे, रिझर्व्ह बँकेची घडण, महायुद्धात छापलेल्या नोटा आणि त्यांतून आलेली महागाई. आणि बँकिंग म्हटले की पतपेढ्या, सहकारी बँका, सावकाराच्या चोपड्या, वतनदाराकडे गहाण पडलेली जमीन, ज्या वस्तीला कोणतीच बँक कर्ज देत नव्हती त्या वस्तीचे देणेघेणे. यातले पुष्कळ कागद अजून आपल्याच घरांत, ट्रंकांत आणि तालुक्याच्या दप्तरखान्यांत पडून आहेत.

आपली मुले आज विद्यापीठांत अशा विषयांवर पीएच.डी. करून बसली आहेत, करत आहेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते. अर्धवट लिहिलेले प्रकरण दाखवायला माणूस नाही. विद्यापीठात दाखवले तर कोटा काढला जातो, चळवळीत दाखवले तर एवढ्यात टीका कशाला, आधी पुस्तक होऊ दे, मग सत्कार करू, असे ऐकावे लागते. सत्काराला शाल आहे, कच्च्या खर्ड्याला खुर्ची नाही. विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर एखाद्या विद्यार्थ्याने आपले न जमलेले प्रकरण वाचावे आणि चार जाणत्यांनी त्याची तपासणी करावी, यासाठी ना अनुदान लागते ना मंडप. बँकेत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले आपले कितीतरी बांधव वस्तीवस्तीत आहेत. कर्जाची फाईल कशी नाकारली जाते हे त्यांना कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळते.

ज्यांना ग्रंथ उघडायचा आहे त्यांना एक व्यवहाराची सूचना. सहावा खंड घ्यावा, पण पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नये, जुन्या टांकसाळींच्या तपशिलात माणूस दमतो. सात प्रकरणांपैकी तिसरे आधी वाचावे. चांदीच्या रुपयाच्या अस्थिरतेने कोणाचे काय झाले ते तिथे आहे. मग सातवे, आणि मग कॅनन यांची प्रस्तावना, जी सहसा आधी वाचतात. शिष्याचे म्हणणे ऐकून झाल्यावर गुरूचा आक्षेप वाचला की वाद कुठे आहे ते समजते.